मान हलेपर्यंत

दाजींचा आवाज सोमवारपर्यंतचाच होता. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी काही आडपडदा ठेवला नव्हता. गाठ स्वरयंत्राला बिलगून बसलेली. ती काढायची तर स्वरयंत्रही ठेवता येणार नव्हतं. "तोवर बोलून घ्या, पण जपून," ते म्हणाले होते. "आहे तो आवाजही मध्येच कधी दगा देईल, सांगता येत नाही."

आणि दाजी बोलत होते. पेपरवाल्याशी बोलत होते, दारावर येणाऱ्या मासेवालीशी भावावरून हुज्जत घालत होते, विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाला पायरीवर बसवून त्याच्या युनियनची चौकशी करत होते. तो घोगरा, फाटका आवाज सकाळपासून घरभर सांडत होता आणि दर्शनाच्या वाट्याला त्यातला थेंबही येत नव्हता. आई गेल्यापासून घरात दोघंच, बाप आणि लेक. भाऊ विनीत मुंबईला. आणि बापानं लेकीशी बोलणं टाकलं होतं.

"गंगू," दाजी कुंपणापलीकडच्या गंगुबाईला हाक मारायचे, "घरात कोणी असेल तर सांग, चहात साखर नाही."

"मी काय पोस्ट हाय?" गंगुबाई तिथनंच ओरडायची. उमेदीची सगळी वर्षं तिनं काजूच्या कारखान्यात काढलेली, जीभ अजून टरफलासारखी. "लेक तुमच्या समोर उभी हाय. तोंड हाय तवर बोला तिच्याशी. मंगळवारी कुनाला हाक मारनार हायसा, भिंतीला?"

दाजी साखर न घालताच चहा प्यायचे.

दर्शना पहाटे उठून आंघोळ करी, तुळशीला पाणी घाली, देवासमोर स्तोत्र म्हणे. सोमवार, प्रदोष, संकष्टी, सगळं तिचं चालू होतं. दाजींना बरं कर, एवढं मागायला तिची जीभ रेटत नसे. ते तिनं डॉक्टरांवर आणि देवावर सोपवलं होतं. ती एवढंच म्हणायची, देवा, तो आवाज जायच्या आधी एकदा माझ्याशी बोलू दे त्यांना. रागावून का होईना.

देवावरून या घरात कधी भांडण झालं नव्हतं. दाजी पक्के नास्तिक, पण थट्टेच्या पलीकडे कधी गेले नाहीत. "काय गं, आजच्या उपासाचं मूल्य काय धरायचं?" ते विचारायचे. "श्रम तर कुठे झालेले दिसत नाहीत."

"भूक सोसायचे श्रम धरा की," ती म्हणायची, आणि मान मागे टाकून दाजी हसायचे.

म्हणजे त्या घरात देव चालत होता. जे चाललं नाही ते वेगळंच.

दाजी मूळचे जयगडचे. त्यांची आई आवडाबाई डोक्यावर पाटी घेऊन गावोगाव मासे विकायची. त्या पाटीच्या जोरावर मुलगा शिकला, रत्नागिरीत हायस्कुलात मास्तर झाला, आणि शिकता शिकता त्याला एक गोष्ट सापडली ती त्यानं जन्मभर सोडली नाही: वस्तूचं मूल्य तिच्यात माणसानं ओतलेल्या श्रमातून येतं. बाजारात भाव वरखाली होईल, पण खाली मुळाशी घाम आहे. हे शिकवायला दाजींनी अभ्यास मंडळ काढलं. दर शनिवारी संध्याकाळी, बाजारपेठेतल्या एका जुन्या छापखान्याच्या माडीवर. शिक्षक यायचे, बंदरावरचे कामगार यायचे, होड्यांवरची पोरं यायची.

मंडळाचा एक दंडक होता. दाजींनी तो लहानपणी जयगडच्या देवळात कीर्तन करणाऱ्या बुवांकडून उचललेला. "बुवांचा देव काही मला पटला नाही," ते सांगायचे, "पण पद्धत पटली." पद्धत अशी: ज्याचं खोडायचं त्याचं म्हणणं आधी आपण मांडायचं. तोच पूर्वपक्ष. तोही ओढूनताणून मांडायचा नाही. समोरच्याची मान 'हो, हेच माझं म्हणणं' अशी हलेपर्यंत मांडत राहायचं. मान हलली नाही तर उत्तर द्यायचा हक्क नाही. आणि मान हलली तरी उत्तर त्याच दिवशी नाही. आठवडाभर थांबायचं. "लोणचं घातलं की लगेच बरणी उघडतात काय?" दाजी म्हणायचे. "मुरू द्या. समोरच्याचं म्हणणं आठवडाभर आपल्या पोटात राहू दे, मग बोला." मग पुढच्या शनिवारी उत्तर, आणि त्या उत्तरावर कुणाला काही म्हणायचं असेल तर तिथंच, पण त्यानंही आधी दंडक पाळायचा.

दर्शना ज्युनियर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायची. दाजींच्या मागून मंडळ तिनं चालवायचं हे सगळे धरूनच चालले होते. यंदा दाजींनी तिच्यावर मोठं काम सोपवलं: मूल्य श्रमात नसून माणसाच्या ओढीत असतं, असं म्हणणाऱ्यांचा पूर्वपक्ष. ते म्हणतात, पहिल्या बांगड्याला जी किंमत तुम्ही मनात धरता ती पोट भरल्यावरच्या बांगड्याला धरत नाही. बांगडा तोच, पकडणाऱ्याचे हात तेच, बदललं ते तुमचं मन. मान हलवायला सर्वेश सरांना बोलावलं होतं. कॉमर्स कॉलेजात हेच शिकवणारे, दाजींचे जुने भांडखोर मित्र.

दर्शनानं पावसाळाभर वाचलं. आणि त्या शनिवारी, आपल्या नेहमीच्या हळू आवाजात, तिनं तो पूर्वपक्ष असा मांडला की सर्वेश सर मान हलवून थांबले नाहीत. ते उभेच राहिले. "बाई," ते म्हणाले, "हे मी माझ्या वर्गात इतकं नीट कधी सांगितलं नाही."

दाजी त्या दिवशी मंडळात नव्हते. तपासण्यांसाठी विनीत त्यांना कोल्हापूरला घेऊन गेला होता. माडीवर कुणीतरी मोबाइलवर दर्शनाचं बोलणं टिपलं आणि पुढे धाडलं. दंडक काय, आठवडा काय, हे त्या तुकड्यात कुठे येणार? गावातल्या सगळ्या ग्रुपांवर तो फिरला, वर मथळा देऊन: 'दाजींच्या घरातूनच श्रममूल्याची पाठवणी.' दाजींनी तो ऐकला इस्पितळातल्या बाकावर, तपासणीचा निकाल हातात आला त्याच दुपारी.

घरी आल्यावर ते तिच्याशी एवढंच बोलले: "तू मांडलं नाहीस. तू स्वतःचं बोललीस."

त्यानंतर नाही.

पुढच्या शनिवारी मंडळ भरलंच नाही, दाजींच्या आजारपणामुळे. उत्तर दर्शनाच्या पोटातच राहिलं. आणि खरी मेख तिथंच होती. दाजींनी अचूक ओळखलं होतं. मांडता मांडता काहीतरी तिच्यात उतरलं होतं. सगळं नाही. पण लोणचं मुरलं होतं, आणि आता बरणीतली फोड वेगळी कशी काढायची ते तिला कळत नव्हतं.

शुक्रवारी अजिंक्य आला. बंदरावरच्या कामगारांत काम करणारा, दाजींचा लाडका. दाजींशी आत बसून बोलला, मग अंगणात दर्शनाजवळ येऊन उभा राहिला.

"ताई, उद्या मंडळ भरतंय. दाजी येणार आहेत, काही झालं तरी. तुमचं उत्तर त्यांच्या कानावर पडलं पाहिजे."

"मीही त्याचीच वाट बघतेय."

"मग उत्तर कडक द्या. शेवटी सरळ म्हणा, तो पूर्वपक्ष सगळा वरवरचा देखावा होता, आत पोकळ. दाजी बोलतील तुमच्याशी. मला म्हणाले तसं."

दर्शनाच्या हातातला तांब्या थांबला. "असं म्हणाले?"

"म्हणाले, ती परत आली तर मला काय तिच्याशी वैर आहे?" अजिंक्यनं आवाज उतरवला. "आणि ताई, माझंही ऐका. बंदरावरची पोरं दिवसभर कोळशाची धूळ खाऊन येतात. त्यांच्या हातात मी एकच गोष्ट देऊ शकतो, की तुमच्या घामाला मोल आहे, कुणी मानो न मानो. तुम्ही त्यांना सांगणार, समोरच्याला हवंसं वाटेल तरच? मग ती उभी कशाच्या बळावर राहतील?"

तो काही खोटं बोलत नव्हता.

तो गेल्यावर गंगुबाई कुंपणाशी आली. "काय म्हनत हुता गो?"

दर्शनानं सांगितलं.

"मग म्हन की तसा! तोंडच्या तोंडी बोलायचा, काय जातंय तुजा? बापूस मुका व्हनार सोमवारी. पोथी नाय ती, की अक्षर चुकला तर पाप लागंल."

"लागतं ना, गंगूमावशी."

"तुला सगळ्यातच पाप दिसतंय," गंगुबाई म्हणाली. पण जाताना तिनं दर्शनाच्या पाठीवरून हात फिरवला.

संध्याकाळी दर्शनानं दिवा लावला आणि देवासमोर ते वाक्य म्हणून बघितलं. सगळा देखावा होता, आत पोकळ. दुसऱ्यांदाही म्हणून बघितलं. सोपं होतं. जीभ अडखळली नाही, वीज कोसळली नाही. बाहेरच्या खोलीत दाजी विनीतशी फोनवर बोलत होते. आवाज मध्येच तुटायचा, घसा खाकरायचे, पुन्हा धरायचे. हे वाक्य टाकलं की तोच आवाज आपल्याकडे वळेल. किती साधं. तिनं डोळे मिटून घेतले आणि नंतर कितीतरी वेळ स्तोत्राचा पुढचा श्लोकच तिला आठवेना.

शनिवारी माडी भरून गेली होती. दाजी पुढच्या खुर्चीत, गळ्याभोवती मफलर. बाजूला सर्वेश सर. दाजींनी त्यांना बसताना टोमणा मारलाच: "या. आमच्या लेकीला पळवून नेलंत, आता मानपान करायला आलात काय?"

"तुमच्या लेकीनं मला पळवलंय, दाजी. मुलांना परवा अर्धा तास तिचंच सांगत होतो."

लोक हसले. दाजी हसले नाहीत.

दर्शना उभी राहिली. तिनं उत्तर द्यायला घेतलं आणि बऱ्यापैकी दिलं. ओढीवरून मूल्य ठरतं म्हणता, मग जिच्या चुलीवर दोन दिवस काही शिजलं नाही तिची ओढ तुमच्या हिशेबात का येत नाही? तिला मासा सगळ्यांत जास्त हवा आहे, पण हातात काही नाही म्हणून तुमच्या लेखी तिला काही हवंच नाही. गरज तुम्हाला दिसत नाही, मागणी दिसते. सर्वेश सर मान खाली घालून ऐकत होते. अजिंक्यचा चेहरा उजळत चालला होता. दाजींनी मफलर सैल केला आणि पहिल्यांदाच, कितीतरी दिवसांनी, तिच्याकडे पाहिलं.

इथं थांबायचं आणि ते वाक्य म्हणायचं. तिचे ओठ उघडले.

"आता," ती म्हणाली, "माझं उत्तर जिथं अडतं ती जागा."

माडीवर कुजबुज झाली.

"होडी एकच, जाळं तेच, हात तेच. पण त्या दिवशी सगळ्याच होड्यांना बांगडा लागला आणि अर्धा जेटीवर तसाच राहिला. आपण म्हणतो, त्यात गेलेले श्रम समाजाला नको होते, म्हणून मूल्य नाही. पण नको होते हे आपल्याला कळतं कधी? कुणी घेतला नाही तेव्हा. म्हणजे ज्या ओढीला आपण पुढच्या दारातून हाकललं, तिलाच मागच्या दारानं आत घेतो आणि नाव घेत नाही. हे मला सोडवता आलेलं नाही. मी खूप प्रयत्न केला. म्हणून माझं एवढंच म्हणणं, नव्या मुलांना दोन्ही शिकवावं. सरांनी दर महिन्याला यावं. पाहुणे म्हणून नाही, शिकवायला."

"मग मंडळ कशाला?" अजिंक्य उठलाच. "वाचनालय काढा! ज्याला जे हवं ते ने! ताई, तुम्ही पाठीत..."

दाजींनी हात वर केला. अजिंक्य बसला. दाजी खुर्चीच्या हाताला धरून उभे राहिले. दर्शनाला वाटलं, आता उठून जिना उतरतील आणि संपलं.

"मला उत्तर द्यायचंय," दाजी म्हणाले. आवाज खरवडल्यासारखा. "दंडक सगळ्यांना. आधी तिचं म्हणणं मांडतो."

ते सभेकडे तोंड करून बोलू लागले. "दर्शना म्हणते, शेवटी गिऱ्हाईक राजा. त्यानं हात लावला तर तुमची मेहनत सोनं, नाही तर माती." मग ते वळले, थेट तिच्याकडे, आणि विचारलं, "बरोबर?"

तिच्याशी. तिलाच विचारलं होतं. इतक्या दिवसांनी पहिला शब्द.

गंगुबाई मागच्या बाकावरून फुसफुसली, "म्हन गो हो! म्हन!"

मान हलवली की झालं. ते पुढे बोलतील, तिचं खोडतील, रागावतील, बोलत राहतील, आणि हा आवाज तिच्यासाठी खर्च होईल. नाही म्हटलं तर त्यांना परत मांडावं लागेल, उरलेल्या आवाजातला परत एक घोट जाईल. तिला रडू फुटायला आलं.

"नाही, दाजी," ती म्हणाली. "मी तसं म्हटलेलं नाही."

दाजींनी पाणी घेतलं. गिळताना त्यांचा चेहरा वेडावाकडा झाला. "दर्शना म्हणते, दोघांचंही बरोबर. भांडू नका. देवळात सगळे देव शेजारी शेजारी बसतात, तसं." थोडं हसू पिकलं. "बरोबर?"

"दाजी, पुरे," सर्वेश सर उठले. "तुमचा घसा..."

"तुम्ही गप्प बसा. माझ्या लेकीला विचारतोय." आणि तिला, "बरोबर?"

"नाही." हात जोडावेत तसे तिनं ते धरले होते. "दोन्ही बरोबर असं नाही. दोन्हीतलं कुठलंच पुरत नाही, असं."

दाजी पुन्हा बोलले, आणि आता पहिल्या दोन ओळींतल्या लोकांनाच ऐकू जात होतं.

"माझी आई पाटी घेऊन जायची. एखादा दिवस असा यायचा, कुणी दारात उभं करायचं नाही. ऊन चढायचं, मासळी नरम पडायची. पाटी तशीच घरी. मी विचारायचो, काय झालं? ती म्हणायची, आज कुणी घेतलं नाही रे." ते थांबले. श्वास घेतला. "मी तिला काय सांगितलं असतं? तुझ्या मेहनतीत मूल्य नव्हतं? सर्वेश काय सांगतील? तुझ्या मासळीची कुणाला ओढ नव्हती? दोघांच्याही शास्त्रात ती दिवसभर चाललीच नाही. दर्शना म्हणते... त्या बाईला सांगण्यासारखं काही आपल्याजवळ येत नाही तोवर... दार लावून घेऊ नका." ओठांची नुसती हालचाल झाली, पण तिला कळलं. "बरोबर?"

तिनं असं मांडलं नव्हतं. तिला इतकं नीट सुचलंच नव्हतं.

"हो," ती म्हणाली. मान हलली, डोळ्यांतलं पाणी गालांवर आलं.

दाजींनीही मान हलवली, काम झाल्यासारखी. ताठ उभे राहिले. आता त्यांचं उत्तर. त्यांच्या डोळ्यांत ती जुनी चमक आलेली तिनं ओळखली. लहानपणी गणिताच्या वहीवर तिची चूक सापडली की यायची ती. त्यांच्याजवळ उत्तर होतं. त्यांनी हार मानलेली नव्हती, तसूभरही नाही. त्यांनी तोंड उघडलं.

हवा आली. नुसती हवा.

त्यांनी घसा खाकरला, पाणी घेतलं, मफलर काढून टाकला. पुन्हा तोंड उघडलं. मानेच्या शिरा ताणल्या. अजिंक्य धावला, सर्वेश सरांनी खांद्याला धरलं. दाजींनी दोघांनाही ढकललं आणि दर्शनाकडे बोट करून तोंड हलवत राहिले, भराभर, मुद्द्यामागून मुद्दा, आणि त्यातलं एक अक्षरही कुणाला ऐकू आलं नाही. तिनं कागद पुढे केला. वाद तोंडीच व्हायचा असतो, अशा हट्टानं त्यांनी तो बाजूला सारला आणि खुर्चीत बसले.

रविवारी सकाळी, रात्रीच मुंबईहून आलेल्या विनीतनं कोल्हापूरला जायला गाडी काढली. दाजी मागच्या सीटवर, शेजारी दर्शना. आवाज परत आला नव्हता. डॉक्टर फोनवर म्हणाले होते, आता येईलशी आशा धरू नका. हातखंबा मागे पडलं. दाजी खिडकीबाहेर बघत होते. ऑपरेशन मोठं होतं, वय झालेलं, आणि विनीतला डॉक्टरांनी बाजूला घेऊन काय सांगितलं ते त्यानं तिला अजून सांगितलं नव्हतं. तिनं विचारलंही नव्हतं.

पालीच्या बाजारातून गाडी निघाली तेव्हा ती त्यांच्याकडे वळली.

"दाजी, तुमचं उत्तर मी मांडते. तुमची मान हलेपर्यंत."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"तुम्ही म्हणणार होतात, बाजारात कळतं म्हणजे बाजारानं ठरवलं असं होत नाही. ताप थर्मामीटरनं कळतो, पण थर्मामीटरमुळे येत नाही. बरोबर?"

दाजींनी मान आडवी हलवली. नाही.

"मग असं म्हणणार होतात, की न खपलेल्या मासळीचा हिशेब एका दिवसाचा धरायचाच नाही, सगळ्या वर्षाचा धरायचा. समाज आपले हात कुठं किती लावायचे ते असंच चुकत चुकत शिकतो. बरोबर?"

नाही. हाताची बोटं हवेत जराशी फिरली, जवळ आहेस पण हे नव्हे, अशी.

"दर्शना, त्यांना झोपू दे थोडं," विनीत आरशातून म्हणाला.

दाजींनी पुढच्या सीटवर चापट मारली. विनीतनं नजर रस्त्याकडे वळवली.

साखरपा गेलं. घाट लागला, गाडी वळणं घेऊ लागली. तिनं श्रमाच्या बाजूनं जे जे आजवर वाचलं होतं, दाजींच्याच तोंडून ऐकलं होतं, ते एकेक काढून त्यांच्यापुढे ठेवलं. मान आडवीच हलत होती. कधी तिचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच. तिचा आवाज बसत चालला होता. मनातल्या मनात ती देवाला म्हणत होती, एकदा, एकदाच उभी हलू दे. आणि त्याच वेळी तिला माहीत होतं, खोटी हललेली तिला नको होती आणि ते खोटी हलवणारही नव्हते.

घाटमाथ्यावर धुकं होतं. दाजींनी तिचं मनगट धरलं आणि घट्ट दाबलं, पुढे चल, अशा अर्थानं.

"बरं," ती म्हणाली. "मग असं. तुम्ही म्हणणार होतात, आवडाआजी त्या दिवशी जे चालली..."

नाही.

"थांबा, पुरं ऐका आधी," ती म्हणाली, आणि पुन्हा सुरुवातीपासून मांडायला लागली.